निघालेला रंग

परवा नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळात, भर उन्हात, बनियनवरच्या एका काकांनी माझ्या फोनमधले फोटो एकेक करून डिलीट करायला लावले. गुन्हा इतकाच, की मी त्यांच्या कुलरचे फोटो काढत होते. कुलरचेही नाही, टाकीखालच्या गंजाचे. बोअरच्या जड पाण्याने पत्र्यावर पांढरे थर बसलेले, त्यांतून तांबडा ओघळ निळ्या चुन्यावर उतरलेला, आणि पोपडा निघाला तिथे आतला कुठल्या तरी जुन्या लग्नातला गुलाबी रंग. एवढंच जवळून धरलं की कुलर जातो, भिंत जाते, नागपूरही जातं. मला तेच हवं असतं.

"काय काढून राहिल्या ताई?"

"रंग."

"टॅक्सवाल्या आहे का?"

"नाही हो काका. चित्र करते. अमूर्त."

"मूर्त्या इथं नाही. चितार ओळीत जा."

मग मी वासुदेव गायतोंड्यांना मध्ये घातलं. जन्म १९२४, नागपूरचाच. अमूर्त चित्रं काढली आणि २०१३ च्या मुंबईच्या लिलावात एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं. काका जरा थबकले.

"त्यानं रंग लावला असंन ना? तुम्ही तर आमचा निघालेला रंग काढून राहिल्या."

याला उत्तर मला अजून सुचलेलं नाही. राग त्याचाच जास्त आहे.

"दाखवा. हे काय?"

"गंज."

"अन् हे?"

"तोच. जवळून."

"जवळून काऊन? दुरून दिसत नाही का?"

डिलीट.

फुटाळा तलावावर पोरं रस्ता अडवून रील काढतात, त्यांना कोणी हटकत नाही. एक बाई भिंतीसमोर निमूट उभी राहिली, की ती एक तर टॅक्सवाली, नाही तर चोर. डागाळलेल्या भिंतींकडे बघत जा, असं लिओनार्दो चित्रकारांना सांगून गेला. त्याला बनियनवरचे काका भेटले नसावेत.

शेवटच्या फोटोवर काकांचं बोट थांबलं. ओल, काळपट शेवाळ, सुटलेला गिलावा.

"हे आमचं नाही. बाजूच्याचं आहे. हे राहू द्या. मले पाठवा."

पाठवला. संध्याकाळी तो त्यांच्या स्टेटसवर: "यांच्या न्हाणीचं पाणी आमच्या भिंतीत!" बरं, लावला तर लावला, उजवीकडून कापला कशाला? गिलाव्याच्या ज्या धारेसाठी मी तापलेल्या फरशीवर गुडघे टेकले होते, नेमकी तीच उडवली.