नववीच्या पोरांना वीस मिनिटं द्या

कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून स्मार्ट बोर्ड बसवला. तिथल्या एका तरुण बाईंनी सुचवलं की नववीतल्या मुलांनीच वीस मिनिटांचा पाठ आखावा, चित्रं, आवाज, छोटा व्हिडिओ जोडावा आणि वर्गाला शिकवावं. त्यावरून शाळेच्या मंडळाच्या बैठकीत भांडण. "पोरांनीच शिकवायचं तर सरांनी काय करायचं? खरं एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, पोर्शन कोण संपवणार?" दुसऱ्यांचं म्हणणं, बोर्डावर मराठीशिवाय एक अक्षर दिसता कामा नये. मी जर्मनीतल्या श्टुटगार्टहून फोनवर ऐकत होतो. डोकंच फिरलं.

माझी लेक इथे चौथीत रेफेराट द्यायला, म्हणजे एक विषय स्वतः तयार करून वर्गाला सांगायला, उभी राहिली. नेकार आणि डोनाऊ (डॅन्यूब) या नद्या एकमेकींच्या जवळ उगम पावतात, मग एक ऱ्हाइनला आणि दुसरी काळ्या समुद्राला का जाते, हा विषय तिनंच निवडला होता. शिक्षिका मागच्या बाकावर. प्लाकाटवर, म्हणजे पोस्टरवर, शब्द मोजके ठेव, एवढीच ताकीद. त्यामागे कारण आहे. रिचर्ड मायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं प्रयोगांतून दाखवलं, की चित्रासोबत बोलणं ऐकलं तर चांगलं समजतं. तेच बोलणं शब्दन् शब्द पडद्यावरही लिहिलं, तर डोळे चित्र बघायचं सोडून वाचत बसतात. आपल्याकडे मात्र पुस्तकातला परिच्छेद बोर्डावर टाकून मोठ्यानं वाचला की झालं डिजिटल शिक्षण!

विषयाला आपल्याकडे काय तोटा? कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, सौंदत्तीच्या धरणातून पुढे जाऊन कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यातल्या रानातून म्हादई निघते आणि गोव्यात मांडवी होते. पाच जणांचा गट करा. कागदावर चौकोन आखा, प्रत्येकात वर चित्र, खाली बोलायचं वाक्य. एकानं घाटाचा उभा छेद काढावा, एकीनं मोबाइलवर आवाज भरावा. तिसऱ्या चौकोनाशी थांबून वर्गाला विचारावं, या कड्यावर पडलेला पाऊस कुठल्या बाजूला जाईल? उत्तरं आल्याशिवाय पुढचं चित्र दाखवायचं नाही. सगळं पेन ड्राइव्हवर आधीच घ्यावं, नेटवर्कच्या भरवशावर राहू नये.

एखादं पोरगं घरी कन्नड बोलत असेल आणि त्यानं एक तुकडा कन्नडमध्ये बोलला, तर काय बिघडलं? मला सीमाप्रश्न कुणी शिकवू नये. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत मी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलोय. या भागावरचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तेव्हा नववीत असलेल्यांची पोरं आता शाळेत जातात. त्यांनी निकालापर्यंत तोंड मिटून बसायचं?

"तू बाहेरचा, तुला इथलं काय कळतंय?" हे त्या बैठकीत ऐकलं आणि फार लागलं. श्टुटगार्टच्या महाराष्ट्र मंडळात मी 'कर्नाटकवाले', कन्नड संघात 'मराठीवाले'. निदान खानापुरात तरी मी गावचा आहे असं धरून चाललो होतो. वर्गणी देताना गावचा, मत मांडलं की परदेशातला? माझ्या लेकीला मलप्रभा नकाशात दाखवावी लागते, आणि ती नदी तिला आपली वाटत नाही, हे मला रोज दिसतं. त्या पोरांची तर ती दारातली आहे.

येत्या शनिवारी सकाळच्या शाळेत पहिला तास बाईंना द्या. सर मागे बसून ऐकू देत. आवाज कुठल्या भाषेत भरायचा, ते त्या पाच जणांवर सोडा.