हायब्रीड टोमॅटो जीएम नाही, त्याचं बीही वांझ नाही

टोमॅटोचे भाव चढले की घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो: "बाजारातला हायब्रीड टोमॅटो जीएम आहे. उत्पादन वाढवायला त्यात परका जीन घातला, म्हणून बी वांझ झालं आणि चवही गेली." परवा आत्यानेच पाठवला.

आधी जीएमचं, म्हणजे प्रयोगशाळेत जीन (जनुक) बदलून केलेल्या पिकाचं. भारतात व्यापारी लागवडीपर्यंत पोचलेलं जीएम पीक एकच, २००२ पासूनचा बीटी कापूस. जीएम टोमॅटो अमेरिकेत १९९४ साली विकायला आला होता, फ्लेवर सेव्हर नावाचा. काही वर्षांत गुंडाळलाही.

हायब्रीड, म्हणजे दोन वाणांचा संकर, कसं होतं ते बघायचं तर बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाकडच्या बीजोत्पादनाच्या शेडनेटमध्ये जावं. उद्या उमलणारी कळी आज चिमट्याने उघडायची, पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे आणि खूण म्हणून कळीखालची एकदोन हिरवी दलं खुडायची. एकेका फुलाला हे सगळं! बी महाग पडतं ते उगाच नाही.

मग उत्पादन वाढतं कसं? बहुतेकदा बऱ्याच जीनच्या बेरजेने. पण २०१० साली इस्रायलचे शास्त्रज्ञ दानी झमीर यांच्या गटाने एक गंमत दाखवली. एसएफटी हा टोमॅटोचाच जीन. आईबापांकडून एकेक आलेल्या त्याच्या दोन प्रतींपैकी एक धड आणि एक बिघडलेली असली, तर उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढतं. दोन्ही बिघडल्या तर झाडाला फुलंच मोजकी लागतात. परकं काहीच नाही, नुसती जोडी जमली.

बी वांझ? पेरून बघा, उगवेल. फक्त रोपं आईसारखी निघणार नाहीत: एक उंच, एक बुटकं, कुणाचं फळ लांबट. दरवर्षी बी विकत घ्यावं लागतं हे शेतकऱ्याचं गाऱ्हाणं खरंच आहे, पण ते वेगळं.

चव गेली, हे मात्र मलाही मान्य. कच्ची तोड हे एक कारण झालंच. दुसरं २०१२ साली उलगडलं. कच्च्या फळाच्या देठाजवळचा गडद हिरवा 'खांदा' हरितद्रव्याने भरलेला असतो, तो फळातच साखर बनवायला हातभार लावतो. पण फळ सगळीकडून सारखं लाल व्हावं म्हणून पैदासकारांनी सत्तरेक वर्षं बिनखांद्याची फळं निवडली. म्हणजे निसर्गतःच बिघडलेला एक जीन हौसेने जपला, आणि त्याच्याबरोबर थोडी गोडीही गेली.

आत्या मंडईत अजूनही हिरव्या खांद्याचा टोमॅटो उचलते, उलटसुलट करते आणि परत ढिगात टाकते.