गोठलेलं धरण म्हणजे पक्का रस्ता नव्हे

कॅनडातल्या लेक डिफेनबेकरबद्दल एक लांबलचक मराठी मेसेज या हिवाळ्यात इकडच्या ग्रुपांवरून फिरतोय. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. तलाव संपूर्ण नैसर्गिक आहे. पाणी गोठून शुद्ध होतं, त्यामुळे थेट प्यावं. थंडीमुळे बाष्पीभवन होत नाही, म्हणून थेंबभरही पाणी वाया जात नाही. याच शुद्ध पाण्यात जगातला सगळ्यात मोठा ट्राउट वाढला, आणि मासे फुकट, हवे तेवढे न्यावेत. शेवटचं म्हणजे जानेवारीनंतर बर्फ इतका जाड असतो की गाडी कुठूनही कुठेही न्यावी.

असे मेसेज मी एरवी वाचतसुद्धा नाही. पण माझा मावसभाऊ सप्टेंबरात सॅस्काटूनला शिकायला आलाय आणि परवा रात्री त्याचा फोन आला. "ताई, शनिवारी आम्ही भाड्याची गाडी घेऊन तलावावर जातोय, बर्फावर चालवायची आहे." मी विचारलं, कुठून उतरणार, बर्फ कोणी मोजलाय? तर म्हणे मेसेजमध्ये सगळं लिहिलंय. म्हणून शेवटचा मुद्दा आधी घेते. बाकीच्या चार मुद्द्यांनी फार तर डोक्यात चुकीची माहिती भरेल. या मुद्द्याने माणसं बुडतील.

यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. इथले लोक बर्फावर ट्रक नेतात, टपऱ्या उभारून मासे धरतात. सॅस्काचेवान प्रांताची सूचना सरळ आहे: चालायला किमान १० सेंटीमीटर बर्फ, स्नोमोबाइलला (बर्फावरून पळणाऱ्या स्कूटरला) २०, साध्या कारला ३०, जड ट्रकला त्याहून जास्त. पण हे आकडे चांगल्या, पारदर्शक, निळसर बर्फाचे आहेत. बर्फ पांढरा, दुधाळ, मध्ये हवा धरलेला असेल तर त्याची ताकद निम्म्यावर येते. वर हिमाचा थर साचला असेल तर तो गोधडीसारखं काम करतो, खालचा बर्फ वाढूच देत नाही. म्हणून इथला अनुभवी माणूस गिरमिटाने भोक पाडतो, पट्टी घालून मोजतो, थोडं पुढे जाऊन पुन्हा मोजतो. महिन्याचं नाव बघून कोणी बर्फावर उतरत नाही.

आणि हा साधा तलाव नाही, धरण आहे. मेसेज लिहिणाऱ्याला नेमकं हेच कळलेलं नाही. गार्डिनर धरणाच्या पायथ्याशी कोटो क्रीकचं १८६ मेगावॉटचं वीजकेंद्र आहे. हिवाळ्यात विजेची मागणी वाढते, तेव्हा पाणी सोडलं जातं. वर रॉकी पर्वतात सगळं गोठलेलं, त्यामुळे आवक जेमतेम. आपल्याकडे धरण मेअखेरीला तळ गाठतं, इथे ते मार्चच्या सुमारास सगळ्यात खाली जातं आणि पर्वतातलं हिम वितळलं की उन्हाळ्यात भरतं. म्हणजे बर्फ जाड होत असतो त्याच महिन्यांत त्याच्या खालचं पाणी उतरत असतं. मधला बर्फ पाण्याबरोबर खाली बसतो. काठचा बर्फ मात्र उतारावर टेकून राहतो, आणि दोन्हींच्या मध्ये तो वाकतो, तडकतो, कुठे कुठे खाली पोकळी सोडून अधांतरी राहतो. वरून हिम पडलेलं असलं की यातलं काहीही दिसत नाही. काठावर उभं राहिलात तर बर्फाचे मोठे तुकडे एका बाजूला कललेले दिसतात, फटीत पाणी वर येऊन पुन्हा गोठलेलं असतं. गाडी तलावावर न्यायची तर हाच पट्टा ओलांडावा लागतो. धरणाच्या आणि पाणी उचलण्याच्या जागांजवळ तर प्रवाहच असतो, तिथे जाडीचा भरवसा कधीच नाही.

वेगाचं आणखी वेगळं. बर्फावरून गाडी धावली की खालच्या पाण्यात लाट उठते. गाडी जोरात काठाकडे आली तर ती लाट काठावर आपटून परत फिरते आणि बर्फ फुटू शकतो. पोरांना बर्फावर गाडी चालवायची म्हणजे जोरातच चालवायची असते, हे मला सांगायला नको.

गाडी आत गेलीच तर काय होतं, यावर मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी आयुष्यभर काम केलंय. त्यांनी स्वतः गोठत्या पाण्यात उतरून प्रयोग केलेत, त्यामुळे त्यांचं मी ऐकते. त्यांचं सूत्र १-१०-१ असं आहे. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला लागतं, कारण थंड पाण्याच्या धक्क्याने माणूस धापा टाकतो आणि पाणी गिळतो. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला साधारण एक तास असतो. म्हणजे माणूस थंडीने लगेच मरत नाही, तो पहिल्या मिनिटात धापा टाकताना बुडू शकतो. गाडीबद्दल ते सांगतात की ती सुमारे मिनिटभर तरंगते आणि तेवढ्यातच बाहेर पडायचं असतं: पट्टा सोडा, काच खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा, मग स्वतः निघा. दार उघडायच्या नादी लागायचं नाही. बर्फावर चढताना पाय मागे आडवे करून जोरात मारायचे, पोटावर सरकत वर यायचं आणि उभं न राहता, ज्या बाजूने आलात त्याच बाजूला गडगडत जायचं. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही. पूर्ण भरलेली गाडी, जाड जॅकेटं, मागच्या सीटवर तिघं, आणि हातात एक मिनिट!

आता पाणी. तलाव तळापर्यंत गोठत नाही. पाणी सगळ्यात जड असतं ते ४ अंशाला, म्हणून त्याहून थंड पाणी वर राहतं, तेच गोठतं आणि खाली द्रव पाणी तसंच असतं. जंतू मरायचा प्रश्नच येत नाही. उलट जिआर्डियासारख्या परजीवींचे कोष थंड पाण्यात कित्येक आठवडे, महिने जिवंत राहतात. उन्हाळ्याअखेरीला काही भागांत निळं-हिरवं शेवाळ माजतं. त्यातली विषं तर उकळूनही जात नाहीत, आणि असं पाणी प्यालेली कुत्री मरू शकतात. इथलं पाणी तुलनेने चांगलं आहे, हे खरं. प्रांतातल्या सुमारे ६० टक्के लोकांना या व्यवस्थेतून पाणी मिळतं. पण सॅस्काटून शहर धरणाखालच्या नदीतून उचललेलं पाणी शुद्धीकरण करून मगच नळाला सोडतं. रेजायना आणि मूस जॉ या शहरांना याच धरणातून पाणी मिळणाऱ्या बफेलो पाउंड तलावातून पाणी येतं, तिथेही मोठं शुद्धीकरण केंद्र आहे. थेट पिण्याजोगं असतं तर एवढा खर्च कोणी केला असता?

'नैसर्गिक' या शब्दाचा मला सगळ्यात जास्त राग आला. साउथ सॅस्काचेवान नदीवर एक आणि क्वापेल नदीच्या खोऱ्यात एक, अशी दोन धरणं १९५९ ते १९६७ या काळात बांधून हा तलाव केला. मुख्य गार्डिनर धरण मातीचं, ६४ मीटर उंच आणि सुमारे ५ किलोमीटर लांब. पाणी २२५ किलोमीटरपर्यंत मागे पसरतं आणि साठा ९.४ अब्ज घनमीटर, म्हणजे जवळपास ३३२ टीएमसी. कोयनेच्या तिपटीहून जास्त. या पाण्याखाली जाणाऱ्या खोऱ्यात मिस्तासेनी नावाची सुमारे ४०० टनांची शिळा होती, बसलेल्या गव्याच्या आकाराची. क्री लोकांच्या कथेत ती गव्यांनी वाढवलेल्या आणि शेवटी दगड झालेल्या मुलाची. शिळा दुसरीकडे हलवावी म्हणून लोकांनी खटपट केली, पैसे जमवायचा प्रयत्न केला. डिसेंबर १९६६ मध्ये ती सुरुंगाने फोडली. तिचे काही तुकडे एल्बो गावात काठावर स्मारक म्हणून लावलेत. आपल्याकडे धरणात देऊळ गेलं तर पाणी ओसरल्यावर लोक दर्शनाला जातात. इथे पाण्याखाली गेले ते दगडाचे तुकडे. अशा तलावाला नैसर्गिक म्हणणं म्हणजे ज्यांचं गेलं त्यांना पुसून टाकणं आहे.

बाष्पीभवनाबद्दल फार लिहीत नाही. हिवाळ्यात ते कमी होतं, एवढं खरं. पण हा बर्फाळ ध्रुवप्रदेश नाही, हा प्रेअरीचा, म्हणजे सपाट गवताळ मैदानांचा कोरडा, वाऱ्याचा मुलूख आहे. उन्हाळ्यात तलावावर जेवढा पाऊस पडतो त्याहून जास्त पाणी उडून जातं. म्हणूनच सिंचन वाढवायची गोष्ट निघाली की खालच्या अंगाला पाणी पुरेल का, यावर इथे भांडणं होतात.

आणि तो मासा. २००९ मध्ये इथे ४८ पौंडांचा रेनबो ट्राउट सापडला, तो विश्वविक्रम ठरला, हेही खरं. पण तो तलावातल्या मत्स्यपालनाच्या जाळ्यातून निसटलेल्या माशांपैकी होता. २००० साली लाखो मासे असे सुटले होते. ते ट्रिप्लॉइड असतात, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेले. त्यांना पिल्लं होत नाहीत, त्यामुळे सगळी ताकद वाढीकडे जाते. शुद्ध पाण्याचा त्यात काही संबंध नाही. फुकटही काही नाही: परवाना लागतो, दिवसाला किती मासे ठेवायचे याची मर्यादा असते, आणि बर्फावरची टपरी या भागात १५ मार्चपर्यंत काढावीच लागते, नाहीतर ती तलावात जाते. ज्याला बर्फावरची मासेमारी बघायचीच आहे त्याने परवाना काढावा, गिरमिट असलेला स्थानिक माणूस बरोबर घ्यावा, पायी जावं आणि गाडी काठावर, रस्त्याला लावावी.