पाऊस, मेस्त आणि परमनंट मार्कर

आमचं घर फोंडा तालुक्यात, चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं आणि मधोमध राजांगण. म्हणजे पणजोबांनी घर बांधतानाच पावसाला आत यायला चांगलं खोलीएवढं अधिकृत भोक ठेवलंय, खाली तुळस, कोपऱ्यात पाणी बाहेर जायला मोरी, सगळी सोय आहे. आता एवढं केल्यावर माणसाने, म्हणजे पावसाने, तिथेच पडावं की नाही? पण नाही. त्याला देवघर पाहिजे, आईच्या खाटेची उशाकडची बाजू पाहिजे आणि टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सचं तर त्याला कसलं आकर्षण आहे देव जाणे.

एकदा लाइट गेलेली असताना बसल्या बसल्या हिशेब मांडला. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आमचं छप्पर धरा 100 चौरस मीटर, म्हणजे झालं 3 लाख लिटर पाणी, दहा-दहा हजार लिटरचे 30 टँकर. आणि त्यातल्या मोसमभरात फार फार तर दोनेकशे बालद्या आत येतात, म्हणजे आपलं छप्पर डिस्टिंक्शनमध्ये पास आहे गं, असं मी बायकोला सांगितलं. तिने काही न बोलता देवघरातली भरलेली बालदी माझ्या हातात दिली.

कौलांचा तसा दोष नाही. मंगळूरला बासेल मिशनच्या मिशनऱ्यांनी 1865 साली कौलांचा कारखाना काढला तेव्हा त्यांनी डोकं लावूनच हे प्रकरण बनवलं असणार, एकाच्या खाचेत दुसरं बसतं, उतारावरून पाणी घसरत खाली पागोळ्यांना जातं. फक्त आमच्या परसातला फणस आणि त्यावरून थेट आढ्यावर उडी मारणारी माकडं त्यांच्या हिशेबात नव्हती. आणि झडही नव्हती बहुतेक. आषाढात वारा सुटला की पाऊस वरून पडतच नाही, आडवा येतो, आणि कौलाच्या खालून उलटा वर चढून आत शिरतो.

त्यात पाणी गळतं तिथे वर भोक नसतं. हे मला चाळिशीत कळलं. फुटकं कौल असतं आढ्याजवळ, तिथून पाणी वाशावर उतरतं, वाशाच्या पोटाला चिकटून आरामात आठ-दहा फूट चालत येतं, मग रिपेचा एखादा खिळा किंवा लाकडाची गाठ लागली की तिथे थांबतं, थेंब जरा फुगतो, थरथरतो, आणि सुटतो तो थेट आईच्या उशीवर. बॅटरी मारून मी वर बघतो तर कौल ठणठणीत.

यावर उपाय एकच, मेस्त, म्हणजे छपराचं काम करणारा मिस्त्री. कौलं परतायचं काम मे महिन्यात करायचं असतं आणि मेस्ताला फोन एप्रिलपासून करायचा असतो. तो कधीच नाही म्हणत नाही. ‘फाल्यां येतां’ म्हणतो. फाल्यां म्हणजे उद्या हे शब्दकोशात ठीक आहे. 2025 साली तर मे संपायच्या आतच पाऊस येऊन ठेपला, आईची सोलं अंगणात वाळत होती ती पदरात गोळा करत ती धावली, आणि मेस्ताची फाल्यां अजून उजाडायची होती. जूनमध्ये मी चिडून फोन केला तर म्हणाला, ‘बाब, आतां पाख्यार चडूंक जायना, शेवाळ आसा.’ खरंच होतं ते, ओल्या कौलावर कोण चढणार. म्हणजे पावसात गळतंय ते दिसतं पण दुरुस्त करता येत नाही, आणि उन्हाळ्यात दुरुस्त करता येतं पण कुठे गळतंय ते दिसत नाही.

मग मी स्वतःच उपाय केला. फोंड्याच्या बाजारातून निळं प्लास्टिक आणलं आणि आमच्या खोलीत वाशांच्या खालून छताला खिळ्यांनी ताणून मारलं. पहिले चार दिवस एक थेंब नाही. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं, सल्लेसुद्धा दिले. पाचव्या रात्री बायको म्हणाली, अहो, हे वर पोट कसलं आलंय? बघतो तर प्लास्टिक बरोबर पलंगावर गरोदर म्हशीसारखं खाली आलेलं. शहाण्या माणसाने आधी पलंग सरकवला असता. मी छत्री घेतली आणि तिच्या टोकाने ते पोट हळूच वर ढकलून पाणी भिंतीकडे न्यायचा विचार केला. छत्रीचं टोक टोकदार असतं.

गादी वाळायला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली, एवढंच सांगतो.

नंतर मात्र मी शास्त्रीय पद्धत धरली. जिथे थेंब पडेल तिथे जमिनीवर मुलाच्या परमनंट मार्करने फुली मारायची, शेजारी नंबर, तारीख आणि वारा कुठून होता ते. लाल सिमेंटच्या जमिनीवर काळ्या फुल्या, एकूण सतरा. बालदीत खाली जुनं फडकं टाकायचं म्हणजे थेंब उडत नाही, हे आईचं तंत्र, ते सोडून बाकी सगळं माझं. म्हटलं, आता मेस्त येऊ दे, नकाशाच हातात देतो, फुलीवरून वाशाच्या रेषेने मागे मागे जा आणि कौल बदल.

ऑक्टोबरात कडक ऊन पडलं आणि एक दिवस सकाळी, न बोलावता, मेस्त शिडी घेऊन दारात. मला तर भरूनच आलं. चहा पाजला, ‘या, दाखवतो’ म्हणून ऐटीत आत नेलं, आणि जमीन आरशासारखी लख्ख. चवथीच्या आधी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांची चौकट, बांधायची म्हणून बायकोने सगळं घर घासलेलं, त्या फुल्या निघेनात म्हणून खास घासलेट लावून घासलेलं. ‘कसले घाणेरडे डाग होते हो,’ ती आतून म्हणाली.

मेस्ताने वर बघितलं, मी वर बघितलं. कौलं कोरडी, वासे कोरडे, एक कवडसा तेवढा पडलेला, तोही काचेच्या कौलातून. बराच वेळ मान वर करून उभा राहिला तो, मग चहाचा कप खाली ठेवला आणि शिडी उचलली.

‘पावस पडल्यार फोन कर,’ म्हणाला.