हिरवं लागलं, घे आत!

गेल्या शनिवारचं अजून डोक्यातून जात नाहीये. मँचेस्टरला मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आटपून रात्री एम ६२ नं लीड्सला परत येत होतो, गाडी मी चालवतोय, शेजारी मंडळातले काका, मागं बायको आणि काकू आणि उरलेल्या चकल्यांचा डबा. विंडी हिलला असलं धुकं की पुढची गाडी गायब. इंग्लंडमधला सगळ्यात उंच मोटरवे म्हणे हा, ३७२ मीटर, आपल्या खंडाळ्यापुढं काहीच नाही, पण माज बघा. दिसत होते ते फक्त कॅट्स आय, म्हणजे रस्त्यात बसवलेले, गाडीच्या उजेडात चमकणारे काचेचे खडे.

ते मला तोंडपाठ आहेत, कारण इथं भारतीय लायसन वर्षभरच चालतं, मग २३ पौंड भरून थिअरीला बसा, ५० पैकी ४३ बरोबर आणा. लेनच्या मधे पांढरे, डाव्या कडेला लाल, उजवीकडं दुभाजकापाशी पिवळे, आणि डावीकडच्या लालचे हिरवे झाले की समजायचं इथं फाटा फुटलाय.

"अरे हिरवं लागलं! घे, घे आत!"

"काका, ती एक्झिट आहे. आपल्याला सरळ जायचंय."

"सिग्नलला हिरवा म्हणजे काय?"

"जा."

"मग जा की! लाल कुठं होते?"

"डाव्या कडेला."

"तिथं जायचं का?"

"नाही."

"मग हिरव्यात जायचं. तूच बोललास."

आता याला काय उत्तर देणार, तेही धुक्यात, मागं लॉरी लागलेली असताना? "अहो, काका पस्तीस वर्षं आहेत इथं," मागून बायको. काकूंनी चकली पुढं केली. घेतली गाडी आत.

जंक्शन २४, एन्ली टॉप. एकीकडं हडर्सफील्ड, एकीकडं हॅलिफॅक्स, आणि आम्ही राउंडअबाउटला फेऱ्या मारतोय. काका खूश! "हॅलिफॅक्स! अरे कॅट्स आय शोधणारा पर्सी शॉ इथलाच, १९३४ चं पेटंट. चाक गेलं की रबर दबतं आणि आत साठलेल्या पावसाच्या पाण्यानं काच आपोआप पुसली जाते, आहेस कुठं!" म्हणजे काच कशी पुसतात ते माहितीय, पेटंटचं साल माहितीय, फक्त रंग कशाला असतात तेवढं राहिलंय. राहणारच. थिअरी टेस्ट आली १९९६ ला, काकांचं लायसन त्याच्या आधीचं. परीक्षा आम्ही द्यायची, पैसे आम्ही भरायचे आणि गाडीत अक्कल कुणाची चालणार, तर जो आधी आला त्याची. पुण्यात निदान अनोळखी माणूस शिव्या घालतो, त्याला उलट घालता तरी येतात.

रविवारी सकाळी मंडळाच्या ग्रुपवर काकांचा मेसेज: "नवीन आलेल्यांसाठी सूचना. मोटरवेवर हिरवे कॅट्स आय म्हणजे एक्झिट. काल एकाची गडबड झाली." खाली अंगठेच अंगठे. पहिला बायकोचा.