बाहीतलं घड्याळ

सगळ्याचं मूळ पुण्यातल्या त्या चहात आहे. मुलीचं लग्न जमत आलं होतं म्हणून आम्ही इंदूरहून मुलाकडच्यांना भेटायला गेलो होतो. पोहे झाले (त्यांच्यावर शेव नव्हती, पण तो वेगळा विषय आहे), चहा आला, मी कप तोंडाला लावणार एवढ्यात माझ्या मनगटावरचा काळा रबरी पट्टा थरथरला. तासभर बसून राहिलं की तो पट्टा ‘उभे राहा’ म्हणतो. डॉक्टरच्या धाकानं वर्षभर मी त्याचं ऐकत आलोय. सवयीनं उभा राहिलो. मी उठलो म्हणून ही उठली, ही उठली म्हणून होणारे व्याही उठले, आणि पाहुणे निघाले असं समजून विहीणबाई कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आल्या. आता परत बसणं कसं दिसेल या विचारात आम्ही खरोखरच निघालो. चहा तसाच राहिला.

परतीच्या गाडीत ही लोणावळ्याच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, “साखरपुड्याला ते मनगटावर दिसता कामा नये. बंदगळ्यावर दवाखान्यातून पळून आल्यासारखं वाटतं. एक चांगलं घड्याळ घ्या. दहा हजारांच्या आत.”



‘चांगलं घड्याळ’ म्हणजे काय हे विचारायला मी भाच्याला फोन केला. भाचा बंगळूरला संगणकातलं काहीतरी करतो आणि पगारातलं उरलेलं घड्याळांत घालतो. तो म्हणाला, “मामा, तुला ड्रेस वॉच हवंय.” मग अर्धा तास त्याने मला त्याचं सोवळं-ओवळं समजावलं. तबकडी साधी हवी, तिच्यावर तीन-तीन छोटी चक्रं नकोत. पट्टा चामड्याचाच हवा, स्टीलची साखळी म्हणजे ऑफिसचं घड्याळ. आणि मुख्य म्हणजे घड्याळ पातळ हवं. का, तर हात खाली सोडला की ते बाहीत सरकलं पाहिजे. दिसलं नाही पाहिजे.

“दिसायला नको तर घ्यायचं कशाला?”

“तीच तर नजाकत आहे, मामा.”

हिला सांगितलं तर ती म्हणाली, “दहा हजार देऊन बाहीत लपवायचं?” मी म्हणालो, तुझ्या पाटल्या नाही का पंधरा वर्षं बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. यानंतर दोन दिवस घड्याळाचा विषय निघाला नाही. कुठलाच निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी मी मोहिमेवर निघालो. राजवाडा, तिथून जेल रोड, तिथून एमजी रोड. पहिल्याच दुकानात कळलं की माझं मनगट सहा इंचांचं आहे आणि हल्लीच्या पुरुषांचं तसं नसतं. दुकानदाराने ४२ मिलिमीटरचं एक घड्याळ हातावर चढवलं. मनगटाच्या दोन्ही बाजूंनी ते बाहेर आलं, पाटावर परात ठेवावी तसं. “भिया, आजकल यही चल रिया है,” तो म्हणाला. दुसरं काढलं, ते आपोआप चावी भरून घेणारं, ऑटोमॅटिक. पाठीमागे काच, आत चक्रं फिरताना दिसतात. देखणं होतं, खोटं कशाला बोलू. पण जाडी एवढी की बाहीचं बटण लावलं तर घड्याळ बाहेर आणि घड्याळ आत सारलं तर बटण तुटणार. हे घड्याळ नाही, बाफला आहे (तुपात बुडवून खातात ती आमच्याकडची जाडजूड बाटी), असं मी मनात म्हणालो. बहुधा मोठ्याने म्हणालो, कारण दुकानदार हसला आणि त्याने तुपाची वाटी आणतो अशी खूण केली.

तिसऱ्या दुकानात रोमन आकड्यांचं एक छान पांढरं घड्याळ दिसलं. त्यात मी चूक पकडली: चारच्या जागी नुसत्या चार उभ्या दांड्या. आम्हाला शाळेत असा चार काढल्यावर पट्टी बसायची. आता किंमत पाडून मागता येईल या आनंदात मी भाच्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, मामा, घड्याळांवर चार असाच काढायची जुनी रीत आहे, समोरच्या आठाशी तोल राहतो म्हणतात. शाळेतली ती पट्टी फुकट गेली.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. दुकानात शे-दीडशे घड्याळं आणि सगळ्यांत दहा वाजून दहा मिनिटं. काटे हात वर केल्यासारखे राहतात आणि मधे कंपनीचं नाव मोकळं दिसतं, म्हणून. एवढ्या घड्याळांच्या मधे उभं राहून वेळ बघायला मला मोबाइल काढावा लागला. पुढे गांधी हॉलपाशी आलो. १९०४ साली हा किंग एडवर्ड हॉल म्हणून बांधला, पण इंदूरच्या तोंडी तो घंटाघरच. चारी बाजूंना घड्याळ, कुठल्याही शिंप्याच्या बाहीत न मावणारं. भाच्याच्या हिशेबाने शहरातलं सगळ्यात अडाणी घड्याळ तेच.

आता घराण्याचं प्रकरण. इथे मी फार वेळ घालवला, कबूल करतो. प्रत्येक घड्याळाखाली एक साल लिहिलेलं असतं आणि दुकानदार ते असं सांगतो की जणू आपण घड्याळ घेत नसून दत्तक जात आहोत. टिसो १८५३. म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ते साल. किंमत ऐकून मीही सुटलो. सेको १८८१, ‘केसरी’च्या बरोबरीचं. सिटिझन १९१८. टायटन १९८४, टाटा आणि तमिळनाडू सरकार यांनी मिळून काढलेलं. त्या साली मी बारावीत नापास होता होता वाचलो, त्यामुळे हे घराणं मला आपल्या वयाचं आणि म्हणून अगदीच कोवळं वाटलं. त्यांच्या जाहिरातीची धून मात्र मोझार्टची, पंचविसाव्या सिंफनीतली. घराणं नवं असलं तरी गाणं जुन्या घराण्याचं घ्यावं, हे शहाणपण.

आणि सगळ्यात वर फाव्र-ल्यूबा. १७३७! बाजीराव भोपाळपाशी निजामाची कोंडी करत होता तेव्हाचं नाव. माझ्या आजोबांच्या पिढीत हे घड्याळ म्हणजे वकील किंवा सिव्हिल सर्जन. मी भारावलो. मग भाच्याने सांगितलं की २०११ मध्ये हे नाव टायटननं विकत घेतलं होतं आणि २०२३ मध्ये ते आणखी पुढे गेलं. म्हणजे १९८४ च्या पोराने १७३७ च्या पणजोबांना घरी आणलं आणि पुढे दुसऱ्याच्या घरी पाठवलं. पणजोबा साल मात्र आपलं आपल्याजवळ ठेवून होते.

इंदूरच्या माणसाला हे समजायला जड जात नाही. आमच्याकडे शेवेच्या दुकानावर ‘असली’ अशी पाटी असते, शेजारच्या दुकानावर ‘असली, पुरानी’ असते, आणि समोरच्यावर ‘सबसे पुरानी, हमारी कोई शाखा नहीं’. तिघांत चुलतभावांचं कोर्ट चालू असतं. आपण काय करतो, तर गरम शेव कुठे निघतेय ते बघतो. घड्याळाच्या दुकानात शिरलं की हीच अक्कल कुठे जाते कोण जाणे. होणाऱ्या जावयाच्या घराण्याची चौकशी आम्ही दोन फोनमध्ये उरकली होती. एक मावशीला, एक मावशीच्या शेजारणीला. घड्याळाच्या घराण्यासाठी मी तीन आठवडे जागत होतो.

“बॅटरीच्या सेलवरचं घेऊ का?” मी भाच्याला विचारलं, “पातळही असतं, स्वस्तही.”

“सेलच्या घड्याळाला आत्मा नसतो, मामा.”

हे आत्म्याचं प्रकरण मला पटलं नाही. सेलच्या घड्याळात गारगोटीच्या जातीचा स्फटिक असतो, क्वार्ट्झ. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. त्या आकड्याची पंधरा वेळा निमपट करा, बरोबर एक उरतो, तो एक सेकंद. मी पाठकोऱ्या कागदावर करून पाहिलं, खरंच उरतो. सेकोनं असलं पहिलं मनगटी घड्याळ १९६९ च्या नाताळात विकायला काढलं आणि मग स्वित्झर्लंडच्या अर्ध्या आत्म्यांना घरी बसावं लागलं. चावीचं जुनं घड्याळ बिचारं सेकंदाला पाच ठोके देतं आणि दमतं. भाच्याचं स्वतःचं आत्म्यावालं घड्याळ रोज दहा-बारा सेकंद मागे पडतं, आणि ते तो मोबाइलवर बघून लावतो. शिवाय ऑटोमॅटिकला हाताची हालचाल लागते. माझ्या रबरी पट्ट्याच्या नोंदीप्रमाणे माझी दिवसाची पावलं आहेत १,८४०. त्यात माझा आत्मा कसाबसा चालतो, घड्याळाचा कुठून चालायचा?

पण घराण्याचं भूत डोक्यातून जाईना. तेव्हा आठवलं की घराणं तर घरातच आहे. बाबांचं एचएमटी! १९६४ साली लग्नात नागपूरच्या आजोबांनी बाबांना दिलेलं. ‘देश की धडकन’. सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरला हे घड्याळ १९६१ मध्ये निघालं आणि कारखान्याला सरकारने २०१६ मध्ये कुलूप लावलं. पातळ. साधी तबकडी. चामड्याचा पट्टा, निदान एके काळी. बाबा जेवायला बसले की त्याची गोष्ट सांगत: “सासऱ्यांनी दिलं त्या दिवसापासून एकदाही बंद पडलं नाही.” आम्ही ऐकत आलो. आमची मुलंही ऐकत आली.

बोहरा बाजाराच्या बाजूला एका जिन्याखाली एक म्हातारे कारागीर बसतात. पलंगाच्या उशीएवढी जागा, एक दिवा, काचेच्या झाकणांखाली ठेवलेले काटे आणि स्क्रू. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, मग डोळ्याला भिंग चढवून मागचं झाकण सुरीनं उचकटलं. वाफ काढल्यासारखं ‘फट्’ झालं. श्वाससुद्धा दुसरीकडे तोंड करून सोडत होते. चिमट्याच्या टोकानं बालकमानीला नुसता स्पर्श केला, ती केसासारखी थरथरली आणि हळूहळू मिटली-उघडली, मिटली-उघडली. मला भरून आलं. बाबाच श्वास घेतायत असं वाटलं.

“किसका है?” त्यांनी विचारलं.

“वडिलांचं. चौसष्टचं. सगळं मूळचं आहे.”

ते भिंग न काढता बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “भिया, डायल दुबारा रंगी हुई है. मशीन बाद की है. काँटे किसी तीसरी के. और ये ढक्कन तो...” त्यांनी झाकण माझ्यापुढे धरलं, त्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव घासून काढल्याच्या खुणा होत्या. “खानदानी तो है. पर संयुक्त परिवार है.”

घरी येऊन मी आईला विचारलं. ती वाल सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, “अरे, ते घड्याळ तर ओंकारेश्वरला नर्मदेत गेलं. तू दुसरीत होतास. नागपूरला कळलं तर काय म्हणतील म्हणून यांनी आठ दिवसांत कुठून तरी तसंच दिसणारं जोडून आणलं.”

“आणि कधी बंद पडलं नाही, ते?”

“नदीत पडलेलं कसं बंद पडलेलं दिसणार?” आई म्हणाली आणि वालाची टरफलं गोळा करायला लागली.

त्या कारागिरांनी ते दुरुस्तीला ठेवून घेतलंय. दोन महिने लागतील म्हणाले. सुनेला-नातवाला सांगायला नवी गोष्ट तयार करायलाही मला तेवढा वेळ हवाच आहे.

मग मात्र मी एका दुपारी, जेवण झाल्यावर, घराण्याचा विचार सोडून पंधरा मिनिटांत घड्याळ घेतलं. सेलचं. पांढरी तबकडी, बारीक काटे, ३८ मिलिमीटर, काळा चामड्याचा पट्टा. कुठलं ते सांगत नाही. व्याही हे वाचतील. दुकानदाराने “तीस मीटर पानी में चलेगा” अशी खात्री दिली. त्याचा अर्थ हात धुताना उडालेल्या थेंबांपुरतं चालेल, हे भाच्याने आधीच सांगून ठेवलं होतं. ओंकारेश्वरला न्यायचं नाही, एवढं मीही ठरवलं होतं. शिंप्याकडे जाऊन बंदगळ्याची डावी बाही दोन सूत सैल करून घेतली. आरशासमोर हात खाली सोडला. घड्याळ सर्रकन आत गेलं. हात वर घेतला, काठ तेवढा चमकला. मी हे सात-आठ वेळा केलं. ही दारात उभी राहून बघत होती. “नमस्कार करायची सवय करताय की सुटायची?” असं विचारून गेली.

साखरपुड्याच्या दिवशी लोकमान्यनगरच्या हॉलमध्ये मी सकाळपासून हात सांभाळून वावरत होतो. व्याही आले, नमस्कार झाला, घड्याळाने काठ दाखवला. त्यांनी पाहिलंही असावं. मग गुरुजींनी आम्हा दोघांना पाटांवर बसवलं, पळी उचलली आणि त्यांची नजर माझ्या मनगटावर आली. बाही वर सरकली होती.

“यजमान, घड्याळ काढून ठेवा. चामडं आहे.”

मी काढलं. हिने ते पर्समध्ये, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि गुडघ्याच्या मलमाच्या मधे टाकलं आणि चेन लावली. मी व्याह्यांकडे पाहिलं. त्यांच्या रेशमी कुर्त्याच्या बाहीखाली काळा रबरी पट्टा होता. गुरुजींनी त्याच्याकडे बघितलं, रबर म्हणून सोडून दिलं आणि आचमनाला सांगितलं.

संकल्प अर्ध्यावर आला असेल. देशकाल उच्चारून गुरुजी गोत्रापर्यंत पोचले होते. व्याह्यांचं मनगट थरथरलं. ते दचकून उभे राहिले. त्यांच्याबरोबर विहीणबाई उठल्या, आम्ही उठलो, मागच्या खुर्च्यांवरचे दीडशे लोक अक्षता हातात घेऊन उठले, आणि बँडवाल्याने सुरू केलं.

“बसा,” गुरुजी म्हणाले. “अजून गोत्र व्हायचंय.”