तरंगणारा अंतराळवीर खरं तर पडतोय

‘अंतराळात हवा नसते, म्हणून तिथे गुरुत्वाकर्षण शून्य असतं. त्यामुळेच अंतराळवीर तरंगतात आणि स्थानक खाली पडत नाही.’ हा मजकूर तरंगत्या अंतराळवीराच्या फोटोसकट फिरतो आणि मुलं तोच उत्तरपत्रिकेत उतरवतात. त्यात तरंगणं तेवढं खरं.

आधी ‘हवा नाही म्हणून’. हवेचा इथे संबंधच नाही. चंद्रावर हवा नाही, तरी १९७१ मध्ये अपोलो १५ या चांद्रमोहिमेतल्या अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी तिथे हातोडा आणि पीस एकदम सोडलं आणि दोन्ही एकाच वेळी खाली टेकले. उलट, हवेला पृथ्वीभोवती धरून ठेवतं तेच गुरुत्वाकर्षण. मजकूर लिहिणाऱ्याने गाडीच्या मागे बैल जुंपलाय.

आता ‘शून्य’. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किमी उंचीवर आहे. गुरुत्वाकर्षणाचं बल अंतराच्या वर्गाशी व्यस्त प्रमाणात असतं, हे मुलांना पाठ असतं. पण अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून मोजायचं, हे निसटतं. जमीन केंद्रापासून ६,३७१ किमी, स्थानक ६,७७१. गुणोत्तराचा वर्ग केला की ०.८८५ येतो. म्हणजे गुरुत्वीय त्वरण (पडताना वेग दर सेकंदाला जितका वाढतो ते) ९.८ च्या जागी जवळपास ८.७ मीटर प्रति सेकंद वर्ग. ६० किलो वस्तुमानाच्या माणसाला पृथ्वी जमिनीवर ५८८ न्यूटन बलाने ओढते, तिथे सुमारे ५२०. याला शून्य कसं म्हणायचं?

राहिलं ‘स्थानक पडत नाही’. पडतं की! दर सेकंदाला सव्वाचार मीटरच्या आसपास. पण त्याच सेकंदात ते साडेसात किलोमीटरहून जास्त आडवं पुढे गेलेलं असतं, आणि तेवढ्या अंतरात गोल पृथ्वीचा पृष्ठभागही तितकाच खाली वळलेला असतो. त्यामुळे पडणं संपत नाही, जमीन गाठली जात नाही, आणि साधारण दीड तासात एक फेरी पुरी होते. गुरुत्वाकर्षण खरोखर नसतं, तर स्थानक सरळ रेषेत निघून गेलं असतं.

मग अंतराळवीर तरंगतो का? कारण तो, त्याच्या पायाखालची फरशी आणि वजनकाटा, सगळेच एकाच त्वरणाने पडताहेत. काट्यावर दाब पडणार कसा? आपल्याला वजन जाणवतं ते जमीन खालून रेटते म्हणून. तो रेटा गेला की हलकं वाटतं.

हे बघायला अंतराळात जायला नको. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी भोक पाडा, पाणी भरा, झाकण उघडं ठेवा. हातात आहे तोवर धार लागते. उंचावरून सोडली की पडेपर्यंत धार बंद. मुलांना गप्प करणारा भाग पुढचा आहे. बाटली सरळ वर फेका. हातातून सुटल्याबरोबर, वर जातानाही, धार थांबते. पाय थोडे भिजतील, पण मुक्त पतनात, म्हणजे वस्तूवर फक्त गुरुत्वाकर्षणाचा जोर असताना, दिशा वरची की खालची याने फरक पडत नाही, हे तिथेच दिसतं.